कागद कुठे अडकतो

माग बंद होईपर्यंत थांबा, मॅडम.
साखर पेठेत दुपारी एक ते दीड,
एवढाच अर्धा तास लाकूड ऐकू येतं.
तोवर पाणी घ्या.

कोंडा मॅडम म्हणतात, तारच खराब लागली.
दोनदा बदलली की,
तरी घोडीकडच्या पडद्यांवर
दाबता दाबता सूर चढतो,
क्लासच्या पोरींच्या बोटांना फोड.

मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
भोपळा मांडीवर घेतो,
खुंट्यांकडून एक डोळा मिटून
दांडीवर नजर सोडतो.
पडदे ओळीत, प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे.
पण साठी उलटल्यावर नजरेचं काय खरं.
म्हणून ताण्याचा धागा,
अंबादास गड्डमच्या मागावरचा, चाळीस नंबरी,
मेरूपासून गळ्यापर्यंत
दांडीच्या कडेला ताणून धरतो.
धाग्याखालून उजेड येत नाही.
दांडी सरळ आहे. जुनं तून,
चव्वेचाळीस डिग्रीचे कितीतरी उन्हाळे खाऊन सरळ.

खटखट थांबते.

बोटाच्या पेरानं ठोकत येतो वरून खाली.
टण. टण. टण.
आणि जिथं दांडी भोपळ्याला मिळते, तिथं
ठप.

रेशनची पावती घेतो,
गळ्यामागच्या फटीत सरकवतो. जाते.
आता बाज सैल करतो, जोड सैल, चिकारी सैल,
मग पावती ओढतो.
येत नाही.
लाकडानं दात आवळलेत.

म्हणजे सरस सुटला. इथलं ऊनच तसलं.
तारा ओढतात, मान पुढं येते,
तार पडद्यापासून उंच राहते, बोट सोलतं.
हे सांगायला सोपं होतं.
पण मग घोडी एवढी बुटकी कशी?

उलटी करून खिडकीशी नेतो.
कुणीतरी पाय घासलेत तारा खाली आणायला.
दुखणं गळ्याचं, कापले पाय.
आणि घासलेल्या शिंगावर
एक बारीक रेघ वर राहिलेली.

माझी कानस थोरलीच्या बारशाच्या दिवशी
फरशीवर पडली, एक दात उडाला.
तेव्हापासून ती जिथं फिरते
तिथं अशी रेघ सोडते.

मॅडमना आठवत नाही. अकरा वर्षं झाली.
गड्ड्याच्या यात्रेत कार्यक्रम होता, संध्याकाळी,
रिक्षा दारात उभी,
मी गळ्याला हातही लावला नव्हता.
शंभर रुपये घेतले होते.

दीड वाजतो. माग सुरू.
आता जे सांगायचं ते ओरडूनच.

गळा उघडावा लागेल, मी ओरडतो.
किती होतील? त्याही ओरडतात.
घोडी त्यांच्या हातात देतो,
अंगठा धरून रेघेवर ठेवतो.
शंभर मीच देणं लागतो तुमचं!
काय?
शंभर! मीच!
समोरचा चहावाला
किटली धरून वळून बघतो.