काच

वडाळ्याच्या आमच्या वसाहतीत सात जिने,
प्रत्येक जिन्याखाली एक फळा,
काचेचं दार, पितळी कुलूप.
सातही किल्ल्या माझ्याकडे.
एक्क्याऐंशीच्या सभेत मला फळाप्रमुख केलं,
कारण माझं अक्षर बरं होतं
आणि त्या सभेला मी हजर नव्हतो.

पहिल्या जिन्याला बुद्धिबळ.
भास्कर तांडेल आणि डिमेलो
एकच डाव खेळले अकरा महिने,
रोज एक चाल, चिठ्ठीवर.
तिसऱ्याला रेडिओ दुरुस्ती.
पाचव्याला ‘प्रश्न विचारा’,
आणि लोक विचारायचे:
भरतीच्या वेळी गटाराचा वास घरात का येतो,
मेलेल्या माणसाचं रेशनकार्ड कुठे द्यायचं,
बायकोशी बंद पडलेलं बोलणं पुन्हा सुरू कसं करावं.
(हे निनावी. अक्षर मी ओळखलं होतं.)

चिठ्ठी पेटीत पडायची. मी वाचायचो,
लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ नीट करायचो,
शब्दाशेजारी छोटा बाण,
मग टाचणी.
शिवी असेल तर नाही.
जाहिरात असेल तर नाही.
आणि जिच्यामुळे वातावरण बिघडेल असं वाटायचं, तीही नाही.
वाटायचं कुणाला?
मलाच.

झुबेदा सुर्वे, चौथा जिना, साल सत्त्याऐंशी:
‘पाणी आधी सहाव्या जिन्याला का सोडतात?’
सहाव्या जिन्यात तेव्हाचे अध्यक्ष राहायचे.
ती चिठ्ठी मी लावली नाही.
ती आणखी दोनदा आली, शब्द न शब्द तीच.
मग आली नाही.
बिस्किटांच्या डब्यात आहे.

आता नऊ वर्षं कुणी काही लिहिलेलं नाही.
पाचव्यातली शेवटची चिठ्ठी ऊन खाऊन कोरी झाली,
टाचणीभोवती गंजाचं तेवढं एक वर्तुळ.
पहिल्यात अडतिसावी चाल, काळा घोडा, अजून वाट बघतोय.
डिमेलो वसईला गेला.
तांडेल त्याहून लांब.

नवी सेक्रेटरी प्रणिता घरत म्हणाली,
काका, एक तर उतरवू,
नाहीतर काच काढून मोकळे सोडू.
रिकाम्या लाकडाला कुलूप कशाला?
मी म्हटलं, मोकळे सोडले तर काय होईल सांगू?
क्लासच्या जाहिराती, पानाच्या पिंका,
कुणाच्या तरी मुलीचं नाव, आणि संध्याकाळी मारामारी.
ती म्हणाली, आणि उतरवले तर?
उतरवले तर भिंतीवर सात चौकोन,
जुन्या पिवळ्या रंगाचे.

मी नोटीस लावली, सातही ठिकाणी:
‘सदर फळा निष्क्रीय असल्याने हटवण्यात येत आहे.
हरकत असल्यास तीस दिवसांत पेटीत लेखी कळवावे.’
पेटी गेल्या वर्षी मीच भंगारात दिली होती,
हे आठवलं एकोणिसाव्या दिवशी.

सहा फळे उतरवले.
मीच उतरवले, नोंद राहू दे.
घोड्याची चिठ्ठी कुणाला द्यावी कळेना,
ती पाकिटात ठेवली.

पाचव्याच्या काचेवर, बाहेरून,
माझ्या ‘क्री’शेजारी लाल खूण.
लिपस्टिक असावी.
वर ऱ्हस्व ‘क्रि’, आणि बाजूला
छोटा बाण.

म्हणजे कुणीतरी इथे उभं राहून वाचत होतं,
इतकी वर्षं, माझ्या चुका काढण्याइतकं नीट,
आणि बोललं नाही.
ही हरकत धरायची का?
नियमात बसत नाही.

सुताराने काच काढली. कुलूप मी खिशात टाकलं.
पहिली चिठ्ठी मीच लावली, डब्यातली,
काही न सुधारता.
झुबेदाबाई आता मुंब्र्याला असतात.
पाणी आता सगळ्या जिन्यांना एकदमच येतं,
म्हणजे एकदमच जातं.

तिसऱ्या दिवशी तिच्यावरच कुणी डकवलं:
‘घरगूती डबे मीळतील’, खाली फोन नंबर.
माझा हात खिशात गेला. लाल पेन होतं.
बराच वेळ तसाच उभा होतो,
जिना उतरणारे दोघं वळसा घालून गेले.

मग नंबर लिहून घेतला.

शनिवारपासून डबा येतो.
भाजी बरी असते. मीठ कमी.