शिरोड्यात पडलेला बर्फ

मासिकातल्या चित्रात होते हिरवेगार पाइनचे झाड,
लाल लोकरीचे मोजे, आणि एक चिमुकले घर
कापसाच्या बर्फात गुडघाभर.
खाली लिहिले होते : सोपे. मुलांसोबत करा. वेळ अर्धा तास.

माझ्याकडे होती अकरा मुले, एक बोथट कात्री
आणि मागच्या वादळात कौले सरकलेली बालवाडी.
"बाई, पाइन म्हणजे काय ओ?"
सुरूचा मामेभाऊ, मी म्हटले. थंडीत राहतो, लांब.
मग हेमांग सुरूच्या बनातून पडलेली फांदी ओढत घेऊन आला,
वाटभर वाळू झाडत.

डालड्याच्या डब्यात वाळू, वाळूत फांदी.
फांदी कलली.
तीनदा सरळ केली, तीनदा कलली,
मग सोडून दिले.
समुद्राकडच्या वाऱ्यात वाढलेले कोण इथे सरळ उभे आहे?

तारा करायचा तो असा :
झावळीचे पाच हीर घ्यायचे, ओले. सुके मोडतात.
एकावरून एक, एकाखालून एक
(हे सांगता येत नाही, बोटांना आपोआप कळते, किंवा कळत नाही)
आणि टोके बांधायची जाळ्याच्या तुटक्या दोऱ्याने.
पाच वर्षांच्या हातांना गाठ जमत नाही.
तांडेलांच्या इशिकाला जमते, तिच्या पपांची गाठ.
तिने अकराच्या अकरा तारे बांधले,
मग माझी ओढणी खिडकीच्या गजाला.

करवंटीची घंटा वाजत नाही.
आत शिंपला टांगला की वाजते,
जुनाट खोकल्यासारखी.

गोठा केला माशांच्या थर्माकोलच्या पेटीचा.
दोनदा धुतली, उन्हात ठेवली,
तरी बांगडा काही जाईना.
"चलता," आग्नेल म्हणाला,
"सायबाचे दोस्त मासेच मारी होते."
त्यावर कोणी काही बोलले नाही.

माती शेताच्या बांधावरची, लाल.
मारिया जमली. जुझेला आग्नेलने लुंगी नेसवली.
गाढव मात्र कोणीच पाहिलेले नव्हते,
म्हणून गोठ्यात म्हैस आली, शेणासकट.
आणि बाळ झाले सगळ्यांत मोठे,
म्हशीहूनही मोठे,
कारण प्रत्येकाने त्याला आपल्यातली थोडी थोडी माती दिली.

राहिला बर्फ.
शेवरीची बोंडे फुटायला अजून तीन महिने.
आग्नेलला बर्फ माहीत होता :
जेटीवर असतो, फावड्याने ओढतात, सुरमईच्या अंगाखाली घालतात.
तो पिशवी घेऊन निघालासुद्धा.
त्याला दारातून परत फिरवला
आणि सगळ्यांना नेले मिठागराकडे.
लवूमामांनी काही विचारले नाही.
गेल्या हंगामाच्या ढिगातून
एकेका मुठीत मावेल तेवढे जाडे मीठ घातले.

मुठी घट्ट मिटून आम्ही परतलो,
ओळीने, न बोलता.
अकरा मुठी छपरावर उघडल्या.
पडताना बर्फ कसा दिसतो, मी कधी पाहिलेले नाही.
असाच असेल.
थोडा मारियाच्या डोक्यावर,
बराचसा म्हशीवर.
चार वाजताच्या उन्हात त्याचा कण न् कण चमकत होता
आणि अर्धा तास केव्हाच,
परवाच, संपून गेला होता.

रात्री खारे वारे सुटले, दमट.
सकाळी कुलूप काढले तर छप्पर ओले,
पागोळीचे थेंब बरोबर जुझेच्या लुंगीवर,
लुंगीचा चिखल.
फडके घेऊन पुसायला धावले,
मुले यायच्या आत.

आग्नेल माझ्या आधीच आत शिरला होता.
उकिडवा बसला. छपरावर बोट फिरवले.
बोट तोंडात घातले.
मी सांगणार होते, अरे, मीठ हवेतले पाणी ओढून घेते...

"इतळलो," तो म्हणाला,
जाणत्या माणसासारखा, समाधानाने.
आणि पुढे म्हणाला, "खरोच होतो."
खरो म्हणाला की खारो,
नीट ऐकू आले नाही.
बोट अजून तोंडातच होते.