ड्रमव्हिनीची कुळं

माझ्या पत्त्यात एक शेत आहे.
सतरा, ड्रमव्हिनी क्लोज, हंटलीच्या अलीकडे.
बिल्डरला विचारलं तर म्हणाला,
जुन्या नकाशावर होतं, कानाला बरं वाटलं.

मग गुरुवारी, फार्मसीतून अर्धी सुट्टी मिळते तेव्हा,
मी वाचनालयात जाऊन फिल्मची फिरकी वळवू लागले.
अठराशे एक्केचाळीस : विल्यम गॉल्ड, कूळ. वय चाळीस.
बायको एल्सपेट, तीस. पोरं पाच, गडी एक.
दहा वर्षांनी विल्यम नाही.
एल्सपेट आहे, पन्नास.
दहा वर्षांत वीस वर्षं सरली तिची,
आधीचं खोटं की नंतरचं, कोण सांगणार.

आडनाव तीनदा बदललं : गॉल्ड, गाल्ड, गोल्ड.
आतल्यानं काय सांगितलं
आणि पावसात दाराशी उभ्या कारकुनाला काय ऐकू आलं.

एकसष्ट साली नवा रकाना : खिडकी असलेल्या खोल्या.
दोन.
त्या दोन खिडक्यांआड मिल्न नावाची नऊ माणसं.
एक्क्याण्णवला ह्यू, मेंढपाळ, एकटा,
भाषेच्या रकान्यात गेलिक.
कुणाशी बोलत असेल?
पुढच्या पानावर ड्रमव्हिनी, आणि पुढे एक आडवी रेघ.

बाबा मोजणी खात्यात होते.
म्हणायचे, मालक सातबाऱ्यावर वरतीच सापडतो,
कूळ शोधायला चष्मा लागतो.
इथला मालक मी शोधलाच नाही.
त्याचा पुतळा आहे चौकात.

एल्सपेट सापडली चर्चच्या आवारात, भिंतीकडेला.
ओल्या बोटांनी शेवाळ सारलं, नखानं नाही.
विल्यम गॉल्डची पत्नी, एल्सपेट डफस.
इथे बायकांना मेल्यावर माहेर परत देतात.
आईच्या मृत्यूच्या दाखल्यावर
तिचं माहेरचं नाव नव्हतं.
हात खिशात घालून मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं,
दोनदा. दुसऱ्यांदा जरा नीट आलं.

आमच्या कुंपणाच्या टोकाला, जिथे लॉन संपतं,
दर एप्रिलला रुबार्ब उगवतो.
कुणी लावलेला नाही, म्हणजे कुणीतरी लावलेला.
शेजारचा केनी त्यावरून यंत्र फिरवतो,
आठवड्यात लाल देठ पुन्हा वर.
यंदा त्याच्या आधी मी कापून आणले.
पानं टाकली, विषारी असतात.
देठांची आमटी केली, गूळ जरा जास्त घातला.
केनीला वाटीभर दिली.
काय आहे, विचारलं त्यानं.
तुझ्या यंत्राखालचं, म्हटलं.

परवा कुरियरवाला आला, खोकं भिजलेलं.
ड्रमव्हिनी? हो.
मिसेस गायसस?
घैसास, म्हणायला तोंड उघडलं होतं,
पण त्याच्या मानेवरून पाणी ओघळत होतं.
हो, म्हटलं.
त्यानं तसंच लिहून घेतलं.