दोन बोटं खाली

पहिला स्वेटर मी भावासाठी विणला.
आचाओच्या धक्क्यावर तो घालून उभा राहिला
तेव्हा बाह्या गुडघ्यांशी गप्पा मारत होत्या.
एलेओदोरोनं त्यांना चार घड्या घातल्या,
"शिंपले काढताना बोटं गरम राहतील," म्हणाला,
आणि कोपरं फाटेस्तोवर वापरला,
मग ठिगळं लावून वापरला.
मी मात्र त्याच्याकडे समोरून बघायचं सोडलं.

दुसरा भाचीचा. गळा डोक्यातून जाईना.
कान लाल, डोळ्यांत पाणी, तरी पोर म्हणे छान आहे.
तो शेवटी आजारी कोकराला घातला.
ज्यांची लोकर, त्यांच्याच घरी गेली.

मग फक्त मोजे.
पाय तक्रार करत नाहीत, बुटात असतात.
पंधरा वर्षं मोजे,
धुराच्या वासाची जाड लोकर,
नाल्काच्या मुळांत उकळून काळी केलेली.
बाजारात कुणी विचारलं, स्वेटर आहे का,
की मी शेजारच्या ओतिलियाकडे बोट दाखवायचे.

ओतिलिया बोलते कमी, तेही सुई दातांत धरून.
एकदा माझा मोजा ताणून बघत म्हणाली,
"हात चांगला आहे. माप कशानं घेतेस?"
नजरेनं, मी म्हटलं.
"नजर माया करते. दोरी घे.
आणि आधी तळहाताएवढा चौकोन विण.
धू. वाळव. मग मोज."

विणला. वीस टाके.
धुऊन चुलीवर टांगला, बाहेर दोन दिवस पाऊस.
वाळल्यावर त्याच जागेत सतराच.
तीन टाके कुठे गेले?
तीन इथे, तीन तिथे,
अंगाला वळसा पूर्ण होईतो
आत आणखी एक माणूस मावेल एवढी जागा.
इतकंच होतं ते?
पंधरा वर्षं मी माझ्या बोटांना शिव्या दिल्या,
आणि लोकर नुसती पाणी पिऊन
अंग सैल सोडत होती.
बटाटे तोलताना मी कधी मापात पाप केलं नाही,
माणूस मात्र कधी मोजलाच नव्हता.

मार्चमध्ये, बटाटे काढायच्या दिवसांत,
एलेओदोरो बोटीवरून परतला.
चुलीपाशी उभा केला त्याला.
हात पसर. दोरी छातीभोवती. गाठ.
दोरी पूर्वी वाटायची तेवढी लागली नाही,
मी काही बोलले नाही.
उजवा खांदा. गाठ.
डावा खांदा.
दोरी पुन्हा धरली. पुन्हा.
डावा दोन बोटं खाली.

"कधी?"
"विंचचा दोर तुटला. तीन वर्षं झाली."
"मला दिसलं कसं नाही?"
तो हसला. "तुझ्या त्या स्वेटरात
कुणाला काय दिसणार, उमेलिना?"

नवा तीनदा उसवला.
पूर्वी उसवताना घशात काहीतरी यायचं,
या वेळी माते पीत उसवला,
रेडिओवर समुद्राचं हवामान ऐकत,
टाका सुटतो तसा वाटाही सापडतो हे बघत.
उजव्या खांद्याला चार ओळी जास्त घातल्या.
डाव्या काखेत थोडी हवा ठेवली,
दोर ओढताना तिथं दुखतं म्हणाला होता,
म्हणजे म्हणाला नव्हता, मी हात वर करायला लावला
तेव्हा त्यानं ओठ चावले होते.

घातला त्यानं. काही बोलला नाही.
लाकडं आणायला गेला,
वाकला, उचलली, आला,
काठ कंबरेवरून हलला नव्हता.
जेवला, आणि तसाच बाकावर झोपला,
अंगात काही नवं आहे
हे विसरून.

मी दिवा बारीक केला आणि
बराच वेळ त्याच्याकडे समोरून बघितलं.

शनिवारी धक्क्यावर एका उंच माणसानं विचारलं,
स्वेटर आहे का?
ओतिलियानं मान वर केली. मी बोट दाखवलं नाही.
"नाही," म्हटलं. "दोरी आहे. हात पसरा."
तो जरा गोंधळला,
हातातली माशांची पिशवी कुठे ठेवावी
ते शोधू लागला.