सरळ रेषेत

नबीलालच्या पोरानं तिकिटाच्या दुकानात
पडद्यावर बोट ठेवलं, म्हणाला,
मावशी, नांदेड ते चिकलठाणा
दोनशे पंधरा किलोमीटर, सरळ रेषेत.
विमानाला पस्तीस मिनिटं.
मग जरा थांबून :
पण विमान नाही.

मग पस्तीस मिनिटं लागली कुणाला?
तो हसला. हिशेब असतो तो, म्हणाला,
विमान नसलं तरी अंतर निघतं.
उडूनच जायचं तर आधी हैदराबाद,
तिथं बाकड्यावर चार-पाच तास,
तिथून मागं फिरून चिकलठाणा.

मी सेलूत शिवणकाम करते, बाई.
टेप सरळ असतो हे मला ठाऊक आहे.
खांदा सरळ नसतो.
बाहीच्या गोलाईला कापड टेपापेक्षा जास्त जातं
आणि ते जो धरत नाही
त्याचं शिवलेलं काखेत उसवतं.

करुणा नांदेडला, दवाखान्यात रात्रपाळीला.
सुमेध चिकलठाण्याला कंपनीत,
त्याच्या खोलीतून धावपट्टीचे दिवे दिसतात.
तीन वर्षं झाली, बोलत नाहीत.
एका फ्रिजवरून.
सांगायलाही लाज वाटते.

पोरानं रेघ ओढून दाखवली :
पूर्णा, परभणी डाव्या हाताला सोडून
दुधना ओलांडून
जवळजवळ माझ्याच पत्र्यावरून.

त्या रात्री अंगणात बाज टाकून बघत बसले.
एक विमान गेलं, फार उंच, लुकलुकत,
पण ते आडवं, दुसऱ्याच कुणाचं.
माझ्या रेघेवरून
टिटवी तेवढी ओरडत गेली.

मागच्या महिन्यात करुणाची तिकडे परीक्षा होती.
गाडी सेलूला दोन मिनिटं थांबते.
मी डबा चुकले, धावले,
पिशवी तिच्या हातात कोंबली :
तिचे दोन पांढरे कोट, बाह्या नीट केलेले,
आणि खाली, कागदात, एक सदरा.
हा कुणाचा, तिनं विचारलं.
मी म्हटलं, तुझं सेंटर कुठं आलंय?
ती म्हणाली, आई, तू ना.
तेवढ्यात गाडी हलली.
पुढचं परतूरच्या बाजूला गेलं,
मला ऐकू आलं नाही.

आठ दिवसांनी सुमेधचा फोन.
जेवलीस का, पाऊसपाणी, लाइट जाते का.
मी मशीन थांबवलं नाही,
पायडल चालू असलं की आवाज स्थिर राहतो.
शेवटी मीच विचारलं,
बसली का रे ती?
नाही, म्हणाला, उभीच होती.
चहा घेतला. उभ्यानंच.
बशीत ओतून, फुंकर मारत, तुझ्यासारखा.

आणि बाह्या आखूड झाल्यात, म्हणाला.

मापाची वही काढली.
त्याचं पान तीन वर्षांपूर्वीचं.
खोडलं नाही, शेजारी लिहिलं :
एक इंच सोडायचा.