पालथा दगड

विहिरीवरचा धुण्याचा दगड उलटवायला
चार माणसं लागली आणि एक पहार.
पहार माझी. मी चिरेखाणीत कामाला.
तालुक्याहून आलेले सर म्हणाले, सावकाश,
आठशे वर्षं तरी असतील.
भिवराबाय म्हणाली, नि माजी धुनी?

खालून चिखल निघाला, गोगलगायी, एक इंगळी.
पाणी ओतलं, कुंचा फिरवला.
वर चंद्र-सूर्य,
मध्ये सात ओळी,
खाली
बाई. आणि गाढव.

कुणी बोललं नाही.
भिवराबायनं हातातला पिळा सोडला
आणि ओलं लुगडं पसरलं
दगडाच्या खालच्या अर्ध्यावर.
सर म्हणाले, ठीक आहे, वरचं आधी वाचू.

बोट ठेवत ठेवत वाचलं त्यांनी:
देवाला दिली खाजणातली सहा शेतं,
माडांची एक वाडी, मिठागराचा चौथा वाटा,
एक घाणा, तेल्यासकट,
आणि सड्याखालची पाथरवटांची चार घरं.
घरं म्हणजे माणसं? मी विचारलं.
घरं म्हणजे माणसंच.
वाडीतल्या माडांनंतर नंबर लागलेला.

काळा पाषाण इथला नव्हेच.
इथं खणाल तिथं जांभा, हात लावाल तर तांबडा.
हा वरच्या अंगाहून आणलेला,
उधाणाच्या ओहोटीवर तराफे सोडून,
एखादा तराफा गेलाही असेल
माणसांसकट समुद्रात.
देवळाला अकरा पायऱ्या आहेत, मोजल्यात मी.
कळस चढला त्या दिवशी
घडवणाऱ्यांना कुणीतरी सांगितलंच असेल,
आता आपापली पायरी ओळखा.

सातव्या ओळीत शाप.
हे दान जो कोणी मोडील, त्याच्या आईला...
सर थांबले. चष्मा पुसायला घेतला.
म्हणजे मोडणार राजा,
नाहीतर राजाचा प्रधान,
आणि भोगणार ती,
जिला दान कसलं, दगड कुठला, ठाऊकही नाही.

मग लुगडं बाजूला करावं लागलं.
गाढवाचे कान काय सुबक काढलेत,
खूर, शेपटीचा गोंडासुद्धा.
बाईचा चेहरा मात्र कोरा.
नुसतं वाटोळं, छिन्नी न लागलेलं.
झिजला असेल, सर म्हणाले.
सर, पालथा होता.
झिजेल कशानं?

ते माझ्याकडे बघत राहिले.
मला दिवटी दिसत होती,
आणि चार घरांतल्या एकाचा
थांबलेला हात.
दगड पालथा कुणी घातला
ते सात ओळींत नाही.

संध्याकाळी टेम्पो आला, दगड गेला.
विहिरीवर मीच एक चिरा आणून टाकलाय, जांभ्याचा.
भिवराबाय रोज शिव्या घालते:
पांढरं काय धुवायची सोय नाय,
समदं तांबडं होतं.