धक्का

हर्णैच्या धक्क्यावर लडकू पावशाची होडी
उधाणात अशी आदळली की नाळच फुटली.
विम्याच्या अर्जात नातीनं लिहिलं : क्रॅश.

‘म्हंजे काय गो?’

तिनं मोबाईलवर शोधलं.
आधी नुसता आवाज होता तो,
आपल्या खाड्‌कन्‌सारखा, आईबाप नसलेला.
पुढे त्यात विमानं पडली, बाजार पडले,
आणि तेवढ्यात मोबाईलच क्रॅश झाला,
हातातून न पडता.

लडकू फुटक्या फळीवरून अंगठा फिरवत होता.
‘आपला शब्द काय वाईट?
आपल्याला लागतो तो धक्का.
होडी लागते, तोही धक्काच.’

नातीनं पेन उचललं, पण खोडलं नाही.
‘होडी धक्क्याला लागली’ लिहिलं,
तर विमावाला म्हणेल,
पोचली की सुखरूप.